बिनशेवेचं सॅलड

रविवारी विजय नगरच्या शेतकरी बाजारात मी भाजीला जाते ना, तिथे एक तरुण मुलगी टेबल मांडून बसते. शेतकऱ्यांकडूनच टोमॅटो, कोवळ्या फरसबीच्या शेंगा घेते आणि फ्रेंच पद्धतीचं सॅलड, सँडविच करते. टोमॅटो इतका हळुवार कापते, जणू त्याला दुखेल! वर ऑलिव्हचं तेल, लिंबू, मीठ, बस.

पण हे पडलं इंदूर, इथे सगळ्यावर शेव लागते. "दीदी, थोडी सेव तो डालो!" गिऱ्हाईक म्हणायचं. ती ताठ मानेने सांगायची, "नहीं भिया, इसमें नहीं डलती. एक बार ऐसे ही खाके देखो." गिऱ्हाईक हसून पुढे. दुपारी उरलेलं, कोमेजलेलं सॅलड तीच डब्यात भरून घरी न्यायची.

परवा बघते तर काय, टेबलावर शेवेची बरणी आणि समोर ही गर्दी! ती मूठ-मूठ शेव टाकत होती, प्लेटकडे न बघता. मला बाई कसंसंच झालं. म्हटलं, "अगं, मला बिनशेवेचं दे. तुझ्या हातचं मला तसंच आवडतं."

तिचा हात थांबला नाही.

"राहू द्या हो काकू," ती म्हणाली, "आता मलाच ते अळणी लागतं."