काळं पडलेलं कूपन

मी कॅन्टीनचं कूपन लॅमिनेट केलं आणि ते काळं पडलं.

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं कंपनीच्या प्रेसमध्ये गेली, हे सांगू शकणारा माझ्याजवळचा एकमेव कागद म्हणजे ते कूपन. त्यावर तारीख होती, शिफ्ट होती, जेवणाची वेळ होती. जेवून तास झाला नसेल, तेवढ्यात बोटं गेली.

बाकीचे कागद सांगत होते, की मी घरी कडबाकुट्टीत हात घातला. हे कर्तृत्वही माझंच. हाताला फडकं गुंडाळून सुपरवायझर मला दवाखान्यात नेत होता. वाटेत म्हणाला, "कंपनीचं नाव घेतलंस तर पोलीस, चौकशी, दहा भानगडी. कडबाकुट्टीत गेला म्हण. पुढचं सगळं मी बघतो."

मी म्हटलं, "हो साहेब."

रक्त गळतंय आणि हा गाढव "हो साहेब" म्हणतोय! आमच्या तीन पिढ्या मास्तर आणि कारकून. नगरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. म्हैस सोडा, घरात मांजर नाही. पण केसपेपरवर कडबाकुट्टी आली ती आलीच. सुपरवायझरनं पुढचं सगळं खरोखर बघितलं. त्या दिवशी माझी रजा लावली, हजेरीचं पंचिंग मशीन बंद होतं असं लिहून दिलं आणि माझा फोन घेणं सोडलं. माल भराभर निघावा म्हणून प्रेसचं हात अडवणारं गार्ड तारेनं वर बांधणारा हाच. शेजारच्या प्रेसवाल्यांना विचारलं, तर एकेकाची मान भलतीकडेच. हे डाव्या हातानं लिहितोय, आणि संतापानं तोही नीट चालत नाही.

रविवारी बायकोनं साडीचं रिकामं खोकं काढलं आणि आम्ही विम्याच्या भरपाईसाठी कागद लावायला बसलो. माझ्या पाकिटातून ते चिटोरं निघालं.

"अहो, कूपन तर कॅन्टीनच्या डब्यात टाकायचं असतं ना? मग हे तुमच्याकडे कसं?"

आता सांगणं भाग होतं. मी डब्यावर हात न्यायचो, टाकल्यासारखं करायचो आणि कूपन परत खिशात घालायचो. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. तारीख कोण बघतंय? जुनं फाटलं म्हणून हे नेमकं त्याच दिवशी नवं घेतलेलं.

"म्हणजे चोरायचात?"

"वाचवायचो."

"बरं झालं. तुमचं एक तरी लक्षण कामाला आलं. आता पाकिटात घाला आणि हात लावू नका."

मी हात लावला. कंपनीनं मला पुसून टाकलं होतं, निदान हा कागद तरी कुणाला पुसता येऊ नये, अशा तिरीमिरीत चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, सगळं लॅमिनेट करा. डिस्चार्ज कार्ड चकचकीत होऊन बाहेर आलं. कूपन आलं ते कोळशासारखं. "हा कागद गरम करायचा नसतो," दुकानदार म्हणाला. नंतर! मोबाईलमध्ये फोटो काढावा, हे मला घरी आल्यावर सुचलं.

विम्याच्या ऑफिसात साहेबांनी ते काळं चिटोरं खिडकीशी धरलं.

"हे काय आहे?"

"कूपन."

कंपनीचा एचआरवाला रुमालात हसला. त्या रुमालाचा बोळा करून त्याच्या तोंडात कोंबावा असं वाटलं. मुठीला दोन बोटं कमी होती म्हणून वाचला.

तेवढ्यात दारात कॅन्टीनच्या मावशी. आदल्या दिवशी मी गेटवर त्यांना "याल का?" विचारलं होतं, तेव्हा पदर सावरून चालत्या झाल्या होत्या. त्यांची नोकरीही कंपनीच्याच मेहेरबानीवर. मी आशा सोडली होती.

"हे त्या दिवशी कामावर होते?" साहेबांनी विचारलं.

"व्हय. माझ्यासमोर जेवले."

एचआरवाला उसळला. "मावशी, शंभर माणसं जेवतात. ह्यांचंच बरं ध्यानात राहिलं? नीट विचार करून बोला."

मावशींनी पिशवी खाली ठेवली. "कसं न्हाई ऱ्हानार? डब्यात रोज एक कूपन कमी भरायचं. त्या दिवशी मी ह्याच्या हातावरच नजर लावून बसल्ते. पाची बोटं धड हुती, आन् त्याच बोटांनी कूपन परत खिशात घातलं ह्यानं. लई भुरटा मानूस हाय ह्यो, साहेब. लिवून घ्या."