शकूकाकूंचा ऐच्छिक अहवाल

शकूकाकूंवर लिहिण्याचा मला खरं तर अधिकार नाही. तुकईथड गावातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच; लिहिण्याची सवय परीक्षेपुरतीच. चुकलं तर सांभाळून घ्या. पण त्यांच्यावर दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही, म्हणून धीर करतो.

बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यामागच्या एका गल्लीत काकूंचा कापड रंगवायचा छोटा कारखाना होता. वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचो. सकाळी काकू चहा घेऊन उंबऱ्यावर बसायच्या आणि नालीकडे बघायच्या. गल्लीतल्या सगळ्या कारखान्यांचं पाणी त्या एकाच नालीत. "आज हिरवी. किसनशेठला काम मिळालं बघ." काळी असली की म्हणायच्या, "ही आपली. चूल पेटली म्हणायची."

काका गेल्यावर कारखाना त्यांनीच सांभाळला. रंग कालवायला स्वतः उभ्या राहत. "हात कोरे राहिले तर लोक म्हणतील, शेठाणी झाली!"

पुढे कामं आटत गेली. उरला सुरतेचा एक व्यापारी. त्याचा माल परदेशी जायचा. त्याने सगळ्या रंगाईवाल्यांकडून अहवाल मागवला. लाकूड किती जाळता, पाणी किती उपसता, वापरलेलं पाणी कुठे सोडता, बायकांना पुरुषांइतकी मजुरी देता का. वर लिहिलं होतं, 'ऐच्छिक'.

"ऐच्छिक म्हणजे काय रे, कॉलेजवाल्या?"

"द्यायचा तर द्या काकू. सक्ती नाही."

"मग ऑर्डर द्यायची तरी त्याला कुठे सक्ती आहे?"

ही ऑर्डर गेली तर भट्टी विझणार, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

लाकूड, मजुरी भरून झालं. पाण्यापाशी अडलं. मी म्हटलं, "हे रिकामं ठेवू. किसनशेठ तर अहवालच देत नाहीत."

"रिकामं? आपण कपडा काय हवेत धुतो?"

त्यांनी खरं तेच लिहायला लावलं. रंगाचं पाणी तसंच नालीत, नाली नदीत. खाली लिहायला सांगितलं की गल्लीने मिळून पाणी गाळायचा हौद बांधला तर हे थांबेल, आमची तयारी आहे.

त्या हौदासाठी काकू दारोदार फिरल्या. किसनशेठ ओट्यावरूनच म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरचं लिहा ना. आमच्या नालीची चुगली कशाला?"

"तुमची नाली वेगळी वाहते का भाऊ? दाखवा, तेवढी सोडून लिहिते."

कोणी हसलं नाही. हौदाला कोणी हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गल्ली त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

अहवाल गेला आणि वाट बघणं सुरू झालं. फोन वाजला की काकू पदराला हात पुसत धावायच्या. पदरावर निळे-काळे डाग पडत गेले. कारागीर अर्ध्या दिवसातच घरी जाऊ लागले. एकदा हळूच म्हणाल्या, "अजून बदलता येतं का रे ते?"

"येतं, काकू."

त्यांनी पदरावरचा डाग चोळून पाहिला. "नको. त्यांनी माणूस पाठवला तर एवढी मोठी नाली कशानं झाकू?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण लिहायला नको होतं का?"



व्यापाऱ्याचा निरोप आला तो मीच वाचून दाखवला. अहवाल अतिशय प्रामाणिक आहे, धन्यवाद, पण परदेशी ग्राहकाला असा दाखवता येणार नाही. काम किसनशेठना दिलं आहे. काकूंनी 'धन्यवाद' तेवढं परत वाचायला लावलं. "बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

सुट्टीत मी गावी होतो. काकूंकडचे जुने रंगारी युसूफचाचा यांचा फोन आला.

"बेटा, भट्टी ठंडी हो गई. काकूने किसनसेठ के आगे हाथ जोड़े, मेरे आदमियों को रख लो. उसने सबको रख लिया."

"और काकू?"



"उनको भी. छत पर गीला कपड़ा सुखाती हैं."