दवाखान्यात भेटलेली शेळीवाली

औरादच्या जनावरांच्या दवाखान्यात ती शेळी घेऊन बसली होती. शेळी ओरडली की "व्हय, व्हय, जाऊ घरी" असं तिला माणसासारखं उत्तर द्यायची. मी आमच्या कुत्र्याला, शेरूला, तोंड बांधून आणलं होतं. तो पिसाळलेला नव्हता, पण चावायचा. आधी दूधवाल्याला चावला, मग मला, आणि परवा त्यानं शेजारच्या मुलीच्या गालाचा लचका तोडला. इंजेक्शन देऊन त्याला संपवायचं का, हे माझं ठरत नव्हतं.

"कामून रडायलाव, अक्का?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. "घरचे म्हणतात, चिंताकी गावाकडं रानात सोडून देऊ. जीव तरी वाचेल."

 ती हळूच म्हणाली, "तितंबी कुणाचं तरी लेकरू आसंलच की. आन् लोकं ह्याला दगडानं मारतील. तुमच्या हातची भाकर खाल्लाय, तुमच्या हाताखालीच जाऊ द्या."

मी डॉक्टरांना होकार दिला. तिच्या शेळीचं औषध केव्हाच मिळालं होतं, तरी ती शेळी खांबाला बांधून माझ्यामागं आत आली. शेरूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो शांत होईस्तोवर ती माझा खांदा धरून उभी होती. नंतर पदरानं माझे डोळे पुसले आणि बस गाठायला निघून गेली.

नाव विचारायचं राहूनच गेलं. शेजारची मुलगी आता आमच्या अंगणात खेळते. तिच्या गालावरचा व्रण बघवत नाही. पण तसा व्रण आणखी कुणाच्या लेकराला नाही, ते त्या बाईमुळं.