झालं म्हटल्यानंतरचा फोटो

मेमरी कार्ड भरलं की नको ते फोटो पुसता येतात. किश्शांचं तसं नाही, ते साठतच जातात. कळंब्याच्या रस्त्यावर मामांचा फोटो स्टुडिओ आहे आणि मी तिथं बारा वर्षं काम करते, म्हणजे साठा किती असेल बघा. हल्ली मात्र किस्सा सांगताना माझं अर्धं लक्ष मामांच्या उजव्या हाताकडं असतं. गणपतीपासून तो थरथरतोय. मामा म्हणतात, काही नाही. माझ्या जिवाला घोर लागलाय.

मामांच्या शर्टाच्या खिशात एक छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा असतो. लग्नाला मोठा, बाकी सगळ्याला हा. फोटोसाठी कुणी मोबाईल बाहेर काढला की त्यांचं डोकं फिरतं.

एकदा गडमुडशिंगीचे एक गृहस्थ पासपोर्ट फोटोला आले. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "ह्याला मेगापिक्सल किती हायत?"

"सोळा."

"माझ्या मोबाईलला पन्नास हायत की!"

मामांनी कॅमेरा खाली घेतला. "मग मोबाईललाच सांगा पावणं, हनुवटी जरा वर करा म्हणून."

गृहस्थांनी मुकाट्यानं हनुवटी वर केली.

•

आमच्या घरातही हा वाद आहे. माझ्या नवऱ्यानं नवा फोन घेतला आणि मामांना थेट आव्हानच दिलं. रविवारी सकाळी आम्ही तिघं कळंबा तलावावर गेलो. समोर पाण्यात एक बगळा उभा होता. मोबाईलमध्ये तो तांदळाएवढा दिसायला लागला, म्हणून हे एक पाऊल पुढं गेले. मग आणखी एक. बगळा उडाला तेव्हा आमचे हे गुडघाभर चिखलात होते.

मामा काठावर कोरड्या चपलांत उभे. "जावईबापू, माझी लेन्स फुडं जाते. तुमचं पाय जात्यात."

त्या दिवशीचा बगळा अजून स्टुडिओत लावलेला आहे. त्याचं पीस न् पीस दिसतं. तेव्हा हात कसा स्थिर होता, ते मी हल्ली त्याच्यासमोर उभी राहून बघते.

•

मामांची एक पद्धत आहे. फोटो काढला की मोठ्यानं "झालं" म्हणायचं. लोक पोट सोडतात, खांदे पाडतात, एकमेकांकडं बघतात. तेवढ्यात मामा कॅमेरा छातीशी धरून, आवाज न करता आणखी एक काढतात. खरा फोटो तोच.

कुरुंदवाडला एका साखरपुड्याला गेलो होतो. मुलीचे वडील व्यापारी, तोंडावरची सुरकुती हलेल तर शपथ. समोर सहा-सात पाहुणे मोबाईल उगारून उभे. मामा म्हणाले, "झालं." सगळे मोबाईल खाली आले. वडील मुलीकडं वळले आणि तिच्या कपाळावर ओघळलेली हळद त्यांनी अंगठ्यानं पुसली. तो क्षण फक्त मामांकडं आला.

अल्बम बघताना ते गृहस्थ म्हणाले, "ह्या फोटोला मी उभाच न्हवतो."

"म्हणून तर चांगला आलाय," मामा म्हणाले.

•

आता गणपतीनंतरचं. शेजारच्या गल्लीत बारसं होतं. घरी आल्यावर फोटो कॉम्प्युटरवर घेतले, तर पाळण्याचा पहिलाच फोटो हललेला. पुढचे तीनही तसेच. मी मामांकडं बघितलं.

"पाळणा हलत होता," मामा म्हणाले.

बाळाला अजून आत घातलं नव्हतं. फुलं लावून पाळणा नुसता उभा होता, दोरीला कुणी हातही लावला नव्हता. मी "व्हय मामा" म्हटलं आणि आत जाऊन उगाच पाणी पीत बसले.

•

त्यानंतर मी एक लबाडी सुरू केली. कुठल्याही कार्यक्रमात मामांच्या मागं उभं राहायचं आणि तोच फोटो माझ्या मोबाईलवर काढायचा. मोबाईल हाताची थरथर बरीच सावरून घेतो. घरी आल्यावर त्यांचा हललेला फोटो बाजूला ठेवून त्याच्या जागी माझा घालायचा. गिऱ्हाईक खूश. पापच वाटत होतं, पण मामांना कुणी बोल लावू नये एवढंच डोक्यात होतं.

एकदा मामा सगळे प्रिंट्स चष्मा लावून बघत बसले. एका प्रिंटवर बोट ठेवून म्हणाले, "अश्वे, ह्यो माझा न्हाय."

"तुमचाच की मामा."

"मग ह्यात माझा कान कसा आला?"

डाव्या कोपऱ्यात खरंच त्यांचा कान होता. मामांनी तो प्रिंट परत गठ्ठ्यात घातला, गठ्ठा पाकिटात सारला आणि पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायला पेन माझ्याकडं दिलं. त्या दिवसापासून पाकिटांवर नावं मीच लिहिते.

•

शेवटी मीच त्यांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन करायला सांगितला. मामा म्हणाले, "चला, पयल्यांदाच दुसऱ्याकडं फोटो काढायला चाललोय." स्कॅनमध्ये एक गाठ निघाली. ऑपरेशन सोमवारचं ठरलं.

शनिवारी सकाळी मी स्टुडिओ उघडला तर मागोमाग मामा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली. सरळ जाऊन स्टुलावर बसले. ह्या स्टुलावर त्यांना बसलेलं मी कधीच बघितलं नव्हतं.

"माझा एक काढ."

मी सवयीनं मोबाईल उचलला. मामांनी मान हलवली आणि खिशातला कॅमेरा पुढं केला. "ह्याच्यानं."

त्यांचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते.  मी कोपर काउंटरला टेकवलं, त्यांची हनुवटी जरा वर करायला सांगितली, आणि फोटो काढला.

"झालं," मी म्हटलं. कॅमेरा छातीशी घेतला, बोट बटणावर ठेवलं आणि थांबले.

मामांचे खांदे पडले नाहीत. मान वळली नाही. ते लेन्सकडं तसेच बघत होते.

"मामा, झालं म्हटलं की."

"ऐकलं की," मामा म्हणाले आणि तसेच बसून राहिले.