आसरांचा होकार

ह्यांनी कंपनीतून व्हीआरएस घेऊन जांभळाची वाईन काढायला घेतली, तेव्हा चाकणजवळच्या आमच्या गावाला हसायला एक विषय मिळाला. "माळकऱ्याच्या घरात दारू," असं भावकी म्हणायची. पुढे हिंजवडीची पोरं गाड्या घेऊन चव घ्यायला यायला लागली, तेव्हा तीच भावकी गुपचूप बाटल्या मागू लागली. मी मुद्दाम पिशवी न देता द्यायची.

फळांच्या वाईनला बरे दिवस आल्याच्या बातम्या सारख्या येत होत्या. पण जांभळाचा हंगाम येतो उकाड्यात, आणि आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये रस नासायला लागला. मग ह्यांना शेडमागची कोरडी विहीर सुचली. खाली चांगला गारवा होता.

आमच्याकडे विहिरीत उतरण्याआधी दोरीनं कंदील सोडतात. विझला तर साती आसरांना, म्हणजे विहिरीत राहणाऱ्या सात देवींना, माणूस नको आहे असं समजायचं. सासूबाईंनी ओटी ठेवून कंदील सोडला. तो शांत जळत राहिला. "व्हय म्हणाल्या बाया," सासूबाई म्हणाल्या. एकदा होकार मिळाला की पुन्हा विचारायचं नसतं, असा आम्हा सगळ्यांचाच समज. त्यानंतर चेन पुलीनं आंबणाऱ्या रसाची पिंपं खाली गेली, आणि कंदील काही कुणी परत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे शिडीनं खाली उतरले. कंपनीतली सवय, अंगात पट्टा घालून तो पुलीच्या साखळीला अडकवल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. साखळी सोडायला मी काठावर होते. पिंपांची बुडबुड वर येत होती, भिंतीपलीकडे कुणी बोलत असावं तशी. मग ह्यांचा आवाज आला, हळू, लाडात आल्यासारखा.

"व्हय, बसतो की."

आमच्या संसारात असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"कुणाशी बोलताय? वर या!"

मी कंदील पेटवून सोडला. वारा नव्हता, तरी तो अर्ध्यावरच विझला. गॅसचं मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं, बाया आता नाही म्हणाल्या एवढंच कळलं. शिडीवर ठेवलेला पाय मी मागे घेतला. साखळी धरली आणि ओढत सुटले, ह्यांना शिव्या देत, आसरांनाही देत.

हे वर आले ते बेशुद्धच. दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं, रस आंबताना सुटणारा वायू जड असतो, तो विहिरीत तळाला साचतो. मी खाली गेले असते तर दोघंही गेलो असतो.

शुद्धीवर आल्यावर ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "मग मला बसा का म्हणालीस?"

"मी? मी तर वर या म्हणून ओरडत होते."

"न्हाई. शेजारी बसून म्हणत व्हतीस. बसा जरा, दमलाय. तुझाच आवाज व्हता."

डॉक्टर म्हणाले, त्या वायूनं भास होतात. असतील. आता विहिरीत पंखा आहे, वायू मोजायचं यंत्र आहे, वाईनही बरी खपते. पण तेव्हापासून मी हाक मारली की हे लगेच उठत नाहीत. आधी मान वळवून बघतात, मी कुठं उभी आहे ते.