वर्षाला उत्तर द्यायचं नाही

"साहेब, ब्रेकर ऑफ केला. आता आयसोलेटर उघडू नं?"

"उघड."

"पक्कं नं, साहेब?"

सकाळपासूनचा हा सहावा फोन. बाभुळगावकडच्या आमच्या सबस्टेशनात वर्षा ऑपरेटर होती, मी तिचा इंजिनिअर. लाइनवर काम असलं की ऑपरेटर आधी सप्लाय तोडते, लाइन जमिनीला जोडून 'अर्थ' करते आणि मग लाइनमनला लेखी परमिट देते. ते परमिट हातात परत आल्याशिवाय लाइन चालू करायची नाही. वर्षाला हे माझ्याहून पक्कं पाठ होतं. तरी एक दिवस तिने बदलीचा अर्ज टेबलावर ठेवला. ऑफिसात फायलींचं काम द्या म्हणे.

"काहून?"

"माह्या हातून कोणी मरन, साहेब. रोज तेच भेव. मले हे काम येतच नाही."

"दोन वर्षांत काय चुकलं तुझं?"

"तुम्ही फोन उचलता म्हणून नाही चुकलं."

अर्ज मी महिनाभर ठेवून घेतला आणि तिला यवतमाळच्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाईंनी मलाही बोलावलं. म्हणाल्या, "तुम्ही 'हो' म्हटलं की तिची भीती घटकाभर निवते. पण काम बरोबर झाल्याचं श्रेय तुम्हाला जातं. मग तिला स्वतःची किंमत कशी कळणार?"

तेव्हापासून तिच्या प्रश्नावर मी एवढंच विचारायचो, "तुझं काय म्हणणं?" चुकत असशील तर अडवेन, असं आधीच सांगून ठेवलं होतं. पहिला आठवडा ती रडकुंडीला आली. मलाही फार वाईट वाटायचं.

मग एकदा एकाच लाइनवर दोन गँग कामाला होत्या, म्हणजे परमिटं दोन. गजाननभाऊ लाइनमनने आपलं परत केलं.

"लावा लाइन, मॅडम. दुसऱ्यायले फोन केला मी, खांबावरून उतरले ते."

"त्यायचं परमिट येऊ द्या, भाऊ."

गजाननभाऊ चिडले. गावातून फोनवर फोन येऊ लागले. तेवढ्यात वर्षाने मला फोन केला. "साहेब, एक परमिट बाकी आहे. मी लाइन चालू करून नाही राह्यली."

मी वाट पाहिली. 'बरोबर नं?' आलंच नाही.

वीस मिनिटांनी परमिट आलं. दुसरी गँग खरंच उतरलेली होती, चहा पीत बसली होती. वर्षाने कोणाची माफी मागितली नाही. लाइन चालू केली, रजिस्टरात सही केली. पुढच्या आठवड्यात अर्जही परत नेला.

तिची भीती अजून आहे, फोनही अधूनमधून येतात. पण हाताखालच्या माणसाला स्वतःवर भरवसा यावा असं वाटत असेल, तर साहेबाने थोडं कमी उपयोगी पडावं. मला हे रिटायरमेंटला वर्ष उरलं तेव्हा कळलं.