मेहुण्यांचा अल्सेशियन

ताईच्या यजमानांनी डोंबिवलीत ब्लॉक घेतला, हॉलमध्ये गुळगुळीत मार्बल बसवला आणि शोभेला अल्सेशियनचं पिल्लू आणलं. सोसायटीने गॅलरीत येऊन बघावं, एवढ्यासाठीच. रोज संध्याकाळी ते त्याला कंपाउंडमध्ये उभ्या स्कूटरवरून उड्या मारायला लावायचे. धिप्पाड दिसावं म्हणून अंडी, दूध, मटण चालूच.

वर्ष व्हायच्या आतच ते पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे जोडीनं टाकायला लागलं. मार्बलवर उठताना पाय फाकायचे. "आळशी झालाय," म्हणत मेहुणे पट्ट्याला हिसडा द्यायचे.

शेवटी ताईने हट्टच धरला आणि आम्ही त्याला ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. मेहुणेही आले, डॉक्टरांना शिकवायला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"खुब्याची वाटी उथळ आहे. मांडीचं हाड तिच्यात नीट बसत नाही, घासतं. हे आईबापांकडून येतं. बरं होणार नाही, पण सांभाळता येईल. वजन उतरवा. उड्या, जिने, गुळगुळीत फरशी बंद. रोज थोडं सावकाश चालवा."

"म्हणजे माल डिफेक्टिव्ह निघाला," मेहुणे म्हणाले. "बदलून मिळतो का बघतो."

कुत्रं तेव्हा त्यांच्याच बुटावर हनुवटी टेकून बसलं होतं. असल्या माणसाशी वाद काय घालायचा? मी पट्टा हातात घेतला आणि त्याला कळव्याला घरी आणलं.

आमची खोली तळमजल्यावर, खाली खरबरीत कोबा. आईने वर गोणपाट अंथरलं. ताटाकडे बघत ते कितीही केविलवाणं झालं तरी "नाही म्हटलं ना रे!" म्हणून ती त्याला मोजकंच वाढायची. सकाळी मी खाडीकडच्या मातीच्या रस्त्याने फिरवायचो. थंडीत लंगडायचं, मग आई शेक द्यायची. पण वजन उतरल्यावर ते शेपूट हलवत चालायला लागलं.

मेहुण्यांनी तोवर पहिलं पिल्लू विकणाऱ्या त्याच माणसाकडून, त्याच आईबापांचं दुसरं पिल्लू आणलं होतं.

"डॉक्टर काय म्हणालेले, आठवतं ना?" मी विचारलं.

"अरे, दरवेळी थोडंच तसं होतं? कान बघ याचे!"

कान खरंच छान होते. पाय पहिल्यासारखेच निघाले. एका दुपारी ताई रिक्षातून त्याला घेऊन आमच्या दारात उतरली.

"ह्यांना सांगणार आहे, पळून गेलं," ती म्हणाली.

मेहुण्यांनी शोधलंसुद्धा नाही. एवढा उमदा कुत्रा कोणीतरी चोरला, असं ते सोसायटीत छाती फुगवून सांगत राहिले. दोन्ही कुत्री आमच्या गोणपाटावर म्हातारी झाली.